वसाहतवाद, मुक्काम पोस्ट यवतमाळ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘वाद’ या शब्दाला फार मान आहे. वाद म्हटला की त्याला दोन पक्ष लागतात, दोन वकील लागतात, एक तलाठी लागतो आणि कमीत कमी एक पिढी लागते. धुऱ्याचा वाद असतो, धुऱ्यावरच्या बाभळीचा असतो, सामाईक विहिरीचा असतो, आणि यांपैकी काहीच नसलं तर भावकीचा असतोच. ज्या घरात एकही वाद चालू नाही त्या घरात मुलगी द्यायला लोक बिचकतात. म्हणतात, यांच्याकडे वावर तरी आहे की नाही कोण जाणे!

अशा जिल्ह्यात वाढलेल्या पोराच्या हाती बारावीला इतिहासाचं पुस्तक पडतं आणि पानापानांवर त्याला वादच वाद दिसू लागतात. साम्राज्यवाद, वसाहतवाद, राष्ट्रवाद, समाजवाद, साम्यवाद, अलिप्ततावाद. त्याला वाटतं, ही कोर्टाबाहेर लावलेली आजच्या कामांची यादी आहे. माझा एक भाचा दारव्ह्याकडच्या खेड्यातून शिकायला आमच्याकडे राहतो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं, “मामा, हा साम्राज्यवाद कोनाकोनात झाला?”

मी म्हटलं, “इंग्रजांत आणि अर्ध्या जगात.”

“मंग निकाल कोनाच्या बाजूनं लागला?”

“अजून तारखाच चालू आहेत,” मी म्हटलं. याहून खरं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही.

पुढे परीक्षा जवळ आली तसा त्याच्या हाती एक कागद आला. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याशा मार्गदर्शकातून काढलेली ती यादी होती. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘अत्यावश्यक शंभर संज्ञा’. प्रत्येक संज्ञेपुढे दोन ओळींची व्याख्या. पोरगा पहाटे पाचला उठायचा, अंगणात येरझारा घालायचा आणि पाढे म्हणावे तशा व्याख्या म्हणायचा. एक बलाढ्य राष्ट्र दुसऱ्या दुर्बल राष्ट्रावर जे राजकीय, आर्थिक व सांस्कृतिक वर्चस्व प्रस्थापित करते त्यास, वगैरे वगैरे. श्वास कुठे घ्यायचा हेही ठरलेलं. मध्येच कोणी “दूध आलं का रे?” असं विचारलं तर त्याला पुन्हा ‘एक बलाढ्य राष्ट्र’पासून सुरुवात करावी लागे. पाठांतराचं असंच असतं. ते शकुंतला गाडीसारखं, मधल्या स्टेशनावरून सुटत नाही.

एके दिवशी मी त्याला म्हटलं, कागद बाजूला ठेव आणि हे शब्द ऐकून तुझ्या मनात काय येतं ते सांग. त्याने जे सांगितलं ते मी लिहून ठेवलं आहे, कारण छापील व्याख्यांपेक्षा ते कितीतरी वाचनीय होतं. वसाहतवाद म्हणजे कॉलनीत नळाच्या पाण्यावरून होतो तो. निर्वसाहतीकरण म्हणजे नगरपालिका बुलडोझर घेऊन अतिक्रमण उठवायला येते ते. (हा शब्द मी रचलेला नाही. बारावीच्या पुस्तकात या नावाचा धडाच आहे.) अमेरिकेतील यादवी म्हणजे देवगिरीच्या यादवांपैकी कोणी तिकडे गेले असतील. आणि युरोपातील प्रबोधन? आमच्याकडे प्रबोधन म्हणजे रात्री नऊनंतर गावच्या चौकात होणारा कार्यक्रम. त्यात खंजिरी असते, माईक असतो, आणि दारू, हुंडा व बुवाबाजी यांना सणसणीत टोले असतात. तुकडोजी महाराजांच्या मुलखात प्रबोधन खंजिरीवाचून होतच नाही. तेव्हा लिओनार्दो द विंची फ्लॉरेन्सच्या चौकात खंजिरी घेऊन उभा आहे, असं चित्र या पोराच्या डोळ्यांपुढे होतं.

कोणी म्हणेल, काय हे अज्ञान! मी तसं मुळीच म्हणणार नाही. पोराने शब्द ऐकला आणि तो आपल्या जवळच्या वस्तूला लावून पाहिला. भाषा शिकण्याची दुसरी रीत देवाने निर्माण केलेली नाही. चौकातला खंजिरीवालासुद्धा हेच सांगतो की बाबांनो, कोणी सांगितलं म्हणून मानू नका, डोळे उघडून पाहा. इटलीतल्या माणसांनी पंधराव्या शतकात यापेक्षा फार वेगळं काही केलं नाही. त्यांनी प्रेतं फाडून आत काय आहे ते पाहिलं, जुनी पोथी उघडून मुळात काय लिहिलं आहे ते वाचलं. म्हणजे खंजिरीपासून निघालं तर फ्लॉरेन्सला पोचता येतं. आपण मात्र पोराला थेट फ्लॉरेन्सला उतरवतो आणि मग म्हणतो, हा भांबावला कसा!

या शब्दांच्या बाबतीत काय करावं यावर आमच्या गावात तीन मतं आहेत. तिन्ही मला साफ नामंजूर आहेत.

पहिलं मत आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त साहेबांचं. त्यांच्या मते सगळा दोष मराठीचा. “हे निर्वसाहतीकरण वगैरे उच्चारताना दातांची कवळी निखळते हो! इंग्रजीत शिकवा, किती सुटसुटीत!” मी त्यांना इंग्रजी शब्द विचारला. ते म्हणाले, “डीकॉलनायझेशन.” मी म्हटलं, “साहेब, यातही कॉलनी आहेच. म्हणजे आपलं नळाचं भांडण काही सुटलं नाही.” साहेब रागावले. पण खरी गोष्ट अशी की, इंग्रजी शब्द सोपा वाटतो तो कळतो म्हणून नव्हे, तर तो कळला नाही तरी चारचौघांत लाज वाटत नाही म्हणून. मराठी शब्द कळला नाही की आपण म्हणतो, भाषांतर वाईट. इंग्रजी शब्द कळला नाही की म्हणतो, विषय गहन.

दुसरं मत एका शिक्षणतज्ज्ञांचं. ते पुण्याहून व्याख्यानाला आले होते आणि यवतमाळचं ऊन पाहून व्याख्यान आटोपतं घेतलं होतं. त्यांचं म्हणणं, ग्रामीण भागातल्या मुलांना अवघड शब्द झेपत नाहीत. ते काढून टाकावेत आणि सोपं लिहावं. यातला कळवळा मला मान्य, पण कळवळ्याच्या पोटात जो हिशेब आहे तो चूक आहे. माझ्या भाच्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, सातवीपुढे शिकलेले नाहीत. पण ‘पीककर्जाचं पुनर्गठन’ हा शब्द ते पान लावता लावता म्हणतात. सातबारा, फेरफार, दुबार पेरणी, हमीभाव, आणेवारी, बोंडअळी, पीकविमा, अनुदान, हे सगळे शब्द त्यांच्या तोंडी पाण्यासारखे आहेत. ‘मोनोक्रोटोफॉस’ हा शब्द रसायनशास्त्राच्या पदवीधरालाही दोनदा वाचावा लागतो. आमच्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली, तेव्हापासून तो शब्द इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या शब्दाशी जिवाचा संबंध येतो तो कितीही लांब असला तरी जिभेवर बसतो. तेव्हा ‘झेपत नाही’ हे काही खरं नाही. शब्दाचा आपल्याशी संबंध काय हेच जर कोणी सांगितलं नाही, तर त्याला झेपवून करायचं काय?

आणि मराठीत शब्द घडवण्याचा धंदा काही कालचा नाही. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याला ‘मुख्यप्रधान’ म्हणावं असं ठरलं. पण पुढे काय झालं? शनिवारवाड्यात राहिले ते पेशवेच! साक्षात छत्रपतींनी दिलेला शब्दसुद्धा लोकांनी वापरात नाही घेतला तर कोशात राहतो. तिथे तुमच्या-माझ्या मार्गदर्शकाची काय कथा.

तिसरं मत म्हणजे तो मार्गदर्शकच. पाठ करा, लिहा, गुण घ्या आणि विसरा. याच्याविरुद्ध मी काही बोलत नाही, कारण तो कोणाचंच ऐकत नाही. दरवर्षी नवी आवृत्ती निघते.

माझं म्हणणं या तिघांहून वेगळं आहे. शब्द बदलू नका, काढू नका, नुसते पाठही करून घेऊ नका. प्रत्येक शब्दाचा पत्ता लावा. जगाच्या इतिहासातले हे जे मोठमोठे शब्द आहेत त्यांतले निम्मेअधिक कधी ना कधी यवतमाळ जिल्ह्यात मुक्कामाला येऊन गेलेले आहेत. काही अजून गेलेले नाहीत. आपल्याकडे पाहुणा आला होता हे घरच्या पोराला ठाऊक नसावं आणि त्याने त्याची ओळख लंडनच्या पत्त्यावर शोधावी, हा उफराटा कारभार मला पाहवत नाही.

वसाहतवादापासूनच सुरुवात करू. १८५३ साली हैदराबादच्या निजामाने आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. कारण काय? इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने फौज ठेवली होती, तिचा पगार थकला होता, आणि थकबाकीपोटी हा मुलूख गेला. तुमच्या-आमच्या भाषेत सांगायचं तर सावकाराने आधी आपला पहारेकरी दारात बसवला, मग त्याच्या पगाराचं बिल लावलं, आणि शेवटी बिलापोटी वावर लिहून घेतलं. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. नावाला मालकी निजामाची. इतकी की १९३६ पासून निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ अशी पदवी होती. म्हणजे घरमालक हैदराबादला, भाडेकरू कलकत्त्याला, आणि घरात राहणारे आपण. भाडं ठरलं तेव्हा राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. भाडेकरू कायमचा झाला की घराचं काय होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला साम्राज्यवादाची वेगळी व्याख्या कशाला हवी? आणि या सगळ्या उलाढालीत, १९०५ साली, पूर्वीच्या वणी जिल्ह्याच्या जागी यवतमाळ जिल्हा आला. आपल्या जिल्ह्याची जन्मपत्रिकाच या शब्दाने लिहिलेली आहे.

आता ‘यादवी युद्ध’. हा शब्द मला फार आवडतो. कृष्णाचे यादव आपापसांत लढून संपले त्यावरून आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं यादवी झाली. मुळाशी प्रश्न गुलामगिरीचा होता. दक्षिणेकडे गुलामांच्या श्रमावर कापूस पिकत होता आणि त्या कापसावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालत होत्या. युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस बंद झाला, गिरण्या थंडावल्या. मग साहेबाला आठवण झाली कोणाची? आमच्या पऱ्हाटीची! कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला. आगगाडीचे रूळ वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचले. पण त्याआधी १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध संपलं होतं. भाव धाडकन खाली आले, मुंबईचा शेअरबाजार कोसळला, प्रेमचंद रायचंदांसारखा त्या काळचा कुबेर एका फटक्यात बसला. वऱ्हाडातला जो कास्तकार चढ्या भावाच्या भरवशावर उधार-उसनवार करून बसला असेल त्याचं काय झालं असेल, ते यवतमाळच्या पोराला मी सांगायला नको. हजारो कोस दूर दोन सेनापतींनी समेट केला आणि इथे बंडीतल्या कापसाची किंमत उतरली. याला म्हणतात जागतिक इतिहास.

मग मी पोराला घेऊन शकुंतलेच्या रुळांकडे गेलो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज गाडी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत चालू केली. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते १९९४ पर्यंत इमानेइतबारे धावलं. ‘धावलं’ हा शब्द इथे केवळ आदराने वापरला आहे. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही एक राहून गेली आणि खाजगी कंपनीबरोबरचा तिचा करार स्वतंत्र भारतातही पुढे चालत राहिला. आता गाडी बंद आहे आणि रुळांवर गवत आहे. तिच्या गतीवर मी आणि माझ्या पिढीने पुष्कळ विनोद केले; पण गोरगरिबांना तिचा आधार होता, हेही तितकंच खरं.

मी पोराला विचारलं, “ही गाडी इथून मूर्तिजापूरलाच का गेली असेल?”

“तिथं मोठी लाइन हाय नं मामा. मुंबई-नागपूरची.”

“आणि मुंबईला काय?”

“बंदर.” थोडं थांबून म्हणाला, “म्हन्जे कापूस न्यायले.”

“गिरण्यांना, आणि बोटीने पार जपान-युरोपला. मग पुसदला का नाही गेली? माणसं तर तिकडेही होती.”

तो बराच वेळ रुळांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हन्जे मामा, गाडी आपल्या गावातून जाये, पन आपल्यासाठी नोती.” आणि घरी येता येता त्याने आपली व्याख्या तयार केली. ती जशीच्या तशी देतो: “ज्याच्या वावरात कापूस पिकते त्याले भाव ठरोता येत नाई, आन् ज्यानं पऱ्हाटी पाह्यली बी नाई तो भाव ठरोते, याले म्हन्ते वसाहतवाद.”

मी तिथल्या तिथे त्याला चहा पाजला. परीक्षक त्याला किती गुण देतील कोण जाणे. बहुधा ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा देतील. पण त्या दोन ओळींच्या छापील व्याख्येत जे नव्हतं ते याच्या व्याख्येत होतं. कापूस होता, वावर होतं आणि माणूस होता.

बाकीचे शब्दही असेच शोधता येतात. ‘कायदेभंग’ हवा असेल तर पुसदला जा. १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी तिथल्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. गांधीजी मीठ उचलायला दांडीला गेले. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून आम्ही गवत कापलं. ‘मक्तेदारी’, ‘एकाधिकार’ हे शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या धड्यात येतात. पण १९७२ साली राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं तो शब्द आमच्याकडे बंड्यांच्या रांगेत, ग्रेडरच्या कपाळावरच्या आठीत आणि उशिरा येणाऱ्या चुकाऱ्यात राहत होता. एकाच गिऱ्हाइकाला माल विकायचा म्हणजे काय, हे ज्याने रांगेत दोन रात्री काढल्या त्याला कंपनी सरकारचा धडा वाचायलाही नको. ‘हरितक्रांती’ला तर आमच्याच गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री म्हणून लाभले.

राहिलं ‘शीतयुद्ध’. यवतमाळात मे महिन्यात शीत म्हणण्यासारखं फक्त माठातलं पाणी असतं, त्यामुळे मला हा शब्द समजावून देता येईना. पण आमच्या हिने तो स्वयंपाकघरातून एका वाक्यात सोडवला. “सोपं आहे. दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत, भांडतही नाहीत. पण दोघी आपापल्या माहेरची माणसं आणून ठेवतात.” मी थक्क झालो. १९४९ चा नाटो आणि १९५५ चा वॉर्सा करार यांचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर वाचलेलं नाही. मग तिने माझ्याकडे बघून पुढे सांगितलं, “आणि जो पुरुष दोन्हीकडे गोड बोलून दोन्हीकडचे लाडू खातो, तो अलिप्ततावादी.” यावर मी काही बोललो नाही. पोराला इतकंच सांगितलं की साठीच्या दशकात अमेरिकेचा गहू पी. एल. ४८० खाली रेशनच्या दुकानात यायचा. आपण व्हिएतनामबद्दल काही बोललो की तिकडे जहाजं सुटायला उशीर व्हायचा. लाडू फुकट नसतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक शब्दाला यवतमाळचा पत्ता नाही. बॅस्तीलचा तुरुंग आर्णीला नव्हता, आणि मार्टिन ल्यूथरने आपली पत्रकं उमरखेडच्या वेशीवर लावली नाहीत. शिवाय आपल्याकडची प्रत्येक गोष्ट म्हणजेच तिकडची गोष्ट, असंही नाही. ‘सरंजामशाही’ हा शब्द आपण मराठेशाहीतल्या सरंजामावरून घेतला, पण आपला सरंजामदार म्हणजे हुबेहूब युरोपातला लॉर्ड नव्हे. कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही, हे सांगण्यासाठी तर शिक्षक असतात. नाहीतर कागद वाचून दाखवायला आमची शेजारीण पुरे होती.

इतकं सगळं कशासाठी, असं कोणी विचारील. दोन-चार गुणांसाठी एवढा आटापिटा? गुणांचं सोडा. माझ्या भाऊजींचं सांगतो. कापसाचा भाव पडला की ते दरवर्षी एकच शब्द वापरतात, ‘नशीब’. १९९१ नंतर जग एक बाजारपेठ झालं, न्यूयॉर्कच्या वायद्यात कापूस हलला की इथल्या हर्रासीत हलतो, श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना अनुदानं देतात, हे सगळं त्यांच्यापर्यंत येतं ते ‘नशीब’ हे एकच नाव घेऊन. १९२९ च्या जागतिक मंदीतही कापूस मातीमोल झाला होता. त्यांच्या आजोबांनीही बहुधा हाच शब्द वापरला असेल. पोराने सुट्टीत घरी जाऊन बापाला १८६५ ची गोष्ट सांगितली. बापाने ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हटलं, “मंग ते बी त्याइचं नशीबच.”

मला या वाक्यावर हसू येत नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव गेली कितीतरी वर्षं शेतकरी-आत्महत्यांच्या बातम्यांत येतं आहे. त्याला कारणं पुष्कळ आहेत आणि शब्दांनी कोणाचं कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या माणसाला आपल्यावर काय गुदरलं याला नाव देता येत नाही, तो दोष कोणाला देतो? आधी नशिबाला, आणि मग स्वतःला. त्याला जर एवढं कळलं की हे बाजाराने केलं, कराराने केलं, धोरणाने केलं, तर निदान तो भांडायला उभा राहील. भांडण तर आमच्या रक्तात आहे! धुऱ्यासाठी तीन पिढ्या लढणारा माणूस भावासाठी लढत नाही, कारण धुऱ्याचा प्रतिवादी त्याला दिसतो आणि भावाचा दिसत नाही. तो दिसावा म्हणून तर हे शब्द आहेत. आणि नेमके तेच आपण दोन ओळींच्या व्याख्येत गुंडाळून, पहाटे पाचला पाठ करायला लावून, परीक्षेनंतर विसरायला शिकवतो. पुण्या-मुंबईच्या पोराने हे शब्द विसरले तर त्याचे गुण जातील. आमच्या पोराचं त्याहून बरंच काही जातं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, आणि तिला सरकारी अनुदानही लागत नाही. शंभर संज्ञांच्या यादीत एक रकाना वाढवा. संज्ञा, व्याख्या, आणि तिसरा रकाना ‘पत्ता’. तो कोरा छापा. तो भरायचं काम पोरांचं. वर्गात ज्याच्या आजीला रेशनचा गहू आठवतो त्याने शीतयुद्धापुढे आजीचं नाव लिहावं; ज्याच्या आजोबांनी एकाधिकाराच्या रांगेत रात्र काढली त्याने मक्तेदारीपुढे त्या जिनिंगचं नाव लिहावं. वाशीमच्या पोरांचा रकाना वेगळा भरेल, रत्नागिरीच्या पोरांचा वेगळा. ज्या शब्दापुढे काहीच लिहिता येणार नाही त्याच्यापुढे ‘परगावचा’ असं लिहावं. परगावच्यालाही आपण चहा देतोच. शिक्षकांनी वर्षातून एक तास वर्गाबाहेर काढून त्यांना रुळांपर्यंत, जिनापर्यंत, जुन्या कचेरीपर्यंत चालवत न्यावं. आणि परीक्षकांनी वऱ्हाडीत लिहिलेल्या खऱ्या व्याख्येला शुद्ध मराठीत लिहिलेल्या पाठ व्याख्येहून एक गुण जास्त द्यावा. निदान कमी तरी देऊ नये.

एवढं झालं की मग खुशाल शंभर काय, दोनशे संज्ञा पाठ करून घ्या. पहाटे चारला उठवा. माझा त्याला काहीही वाद नाही.